‘खोडकर’ हा शब्द नेमका कसा वापरावा : विदर्भातील घर, शाळा आणि गावासाठी

लहान मुलांबद्दल बोलताना मराठीत जे शब्द सहज तोंडी येतात, त्यांत ‘खोडकर’ हा बहुधा सर्वांत पुढे असतो, आणि म्हणूनच तो सर्वांत कमी विचार करून वापरला जातो. अंगणवाडीच्या नोंदवहीत, जिल्हा परिषद शाळेच्या प्रगतिपत्रकात, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, पाहुण्यांशी मुलाची ओळख करून देताना आणि कधी कधी पोलीस पाटलाकडे गेलेल्या तक्रारीतही हाच शब्द भेटतो. परंतु या प्रत्येक ठिकाणी त्याचे वजन निराळे असते. तो कोणासाठी, कोणत्या कृतीसाठी आणि कोणासमोर वापरावा, कुठे तो बाजूला ठेवून दुसरा शब्द घ्यावा, हे ठरवण्याची रीत येथे दिली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की ‘खोडकर’ हा आपुलकीचा शब्द आहे. ज्याच्यावर आपण रागावतो आणि तरीही ज्याला आपला मानतो, त्यालाच तो शोभतो. कोणाला इजा करणाऱ्या कृत्यावर पांघरूण घालण्यासाठी तो वापरणे जितके चूक, तितकेच एखाद्या चंचल मुलावर कायमचा शिक्का मारण्यासाठी वापरणेही चूक आहे.

शब्दाचे मूळ आणि त्याची दोन क्रियापदे

‘खोड’ हा शब्द मराठीत दोन लिंगांत येतो. ‘ते खोड’ म्हणजे झाडाचा बुंधा, आणि ‘ती खोड’ म्हणजे अंगात मुरलेली वाईट सवय किंवा दोष. हा दुसरा अर्थ विदर्भातल्या गुरांच्या बाजारात आजही जिवंत आहे. बैलजोडीचा सौदा ठरत असताना घेणारा माणूस दात पाहतो, खूर पाहतो, बैल चालवून पाहतो आणि मग ‘बैलात काही खोड तर नाही ना?’ असे विचारतो. जू मानेवर आले की खाली बसणे, मागून जाणाऱ्याला लाथ मारणे, अनोळखी माणसावर शिंग उगारणे, या सगळ्या खोडी होत, आणि त्या लपवून बैल विकणाऱ्याचे नाव पुढच्या बाजारात निघते. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आणि ‘खोड मोडणे’ हा वाक्प्रचार याच अर्थाचे आहेत. याच घराण्यातला ‘खोडी’ हा शब्द मात्र लहान मुलांच्या जगात आला आणि सौम्य झाला. त्याला ‘खेळकर’मध्ये आहे तोच ‘कर’ लागून ‘खोडकर’ झाला. खोड माणसाला चिकटून राहते आणि खोडी करून संपते. म्हणूनच ज्याला खोडकर म्हणायचे, त्याच्या वागण्याला सवय किंवा दोष ठरवण्याची घाई करू नये.

या शब्दाबरोबर दोन क्रियापदे येतात आणि त्यांतला फरक पाळणे फार आवश्यक आहे. ‘खोड्या करणे’ हे बहुधा अनेकवचनी येते आणि त्याला कोणी ठरावीक लक्ष्य नसते: मूल दिवसभर खोड्या करते, म्हणजे ते इकडे डबा पालथा घालते आणि तिकडे कोंबडीच्या मागे धावते. ‘खोडी काढणे’ हे बहुधा एकवचनी असते आणि त्याला कोणीतरी एक माणूस लागतो: तो बहिणीची खोडी काढतो, म्हणजे तिला चिडवण्यासाठी मुद्दाम काहीतरी करतो. वर्तमानपत्रांतही सीमेवरच्या कुरापतीला ‘खोडी काढली’ असे म्हणतात, ते याच अर्थाने. मुलाची तक्रार सांगताना ‘खोड्या करतो’ म्हणायचे की ‘खोडी काढतो’ म्हणायचे, याचा आधी विचार केला तर ऐकणाऱ्यास निम्मी गोष्ट तिथेच कळते. पहिल्या प्रकारात मुलाच्या अंगातल्या उत्साहाला वाट द्यावी लागते, तर दुसऱ्या प्रकारात ज्याची खोडी काढली जात आहे, त्याला आधी विचारावे लागते.

खोडकर म्हणावे की नाही, हे कसे ठरवावे

तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. झालेले नुकसान निस्तरता येण्यासारखे आहे काय? करणाऱ्याच्या मनात गंमत होती की दुखावण्याची इच्छा होती? आणि ज्याच्यावर हे सगळे घडले, तो थोड्या वेळाने का होईना, हसू शकतो काय? या तिन्हींचे उत्तर मुलाच्या बाजूने असेल तरच ‘खोडकर’ हा शब्द घ्यावा. तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे मोठी माणसे परस्पर देऊन टाकतात आणि ज्याला त्रास झाला, त्याला कोणी विचारतच नाही.

एक उदाहरण पाहू. कापसाची वेचणी सुरू झाली की विदर्भातल्या अनेक घरांत भाव येईपर्यंत कापूस समोरच्या खोलीतच साठवलेला असतो. हळूहळू ती गंजी छताकडे चढते आणि घरातल्या मुलांना त्या गंजीइतके मोठे खेळणे वर्षभरात दुसरे मिळत नाही. आजी मागच्या अंगणात गेली की दोन पोट्टे खिडकीच्या कठड्यावर चढतात आणि एकामागून एक कापसात उड्या घेतात. एक तर आत पुरून घेतो. बाहेर फक्त नाक राहते, आणि तंतू नाकात जाऊन शिंक आली की पकडला जातो. केसांत कापूस, अंगाला खाज, आणि पायाला लागून आलेली माती गंजीवर. आजी ओरडते, कारण कापसात काडीकचरा मिसळला की प्रत उतरते आणि प्रत उतरली की भाव उतरतो. तिचा राग खरा आहे आणि त्यामागे वर्षाची कमाई आहे. तरीही हे वागणे निखळ खोडकरपणाचे आहे, कारण मळलेला कापूस वेचून वेगळा करता येतो, कोणाला दुखवायचे नव्हते, आणि संध्याकाळी हीच गोष्ट आजी स्वतः शेजारणीला रंगवून सांगते. आता याच खोलीत मोठ्या पोराने धाकट्याचे तोंड कापसात दाबून धरले आणि तो रडत असतानाही सोडले नाही, तर जागा तीच, कापूस तोच, पण ‘खोडकर’ हा शब्द तिथे चालत नाही. तिथे ‘त्रास दिला’ असेच म्हणावे. गंजीजवळ कोणी काडेपेटी घेऊन खेळत असेल, तर तो शब्दाचा प्रश्नच उरत नाही. आधी काडेपेटी काढून घ्यावी.

बिब्ब्याचेही असेच आहे. बिब्ब्याच्या फळातल्या तेलाने कातडीवर फोड येतात, हे गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असते, आणि तरी एखाद्या मुलाने दुसऱ्याच्या हाताला बिब्बा घासला तर ‘पोरांची खोडी’ म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते. फोड आलेल्या हाताला हा शब्द लावू नये.

आपल्या परंपरेत या शब्दाचा उत्तम नमुना गावाच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात ऐकायला मिळतो. कृष्णाने शिंक्यावरचे दही पळवले, माठ फोडला, वासरे सोडून दिली, अशी गाऱ्हाणी घेऊन गौळणी यशोदेकडे येतात. त्या गाऱ्हाण्यांत राग आहे, पण त्या पुन्हापुन्हा येतात त्या त्याला पाहायलाच, हे मंडपात बसलेल्या प्रत्येकाला कळते. तक्रार करणाऱ्याच्या मनात ज्याची तक्रार करायची त्याच्याविषयी माया असणे, हीच ‘खोड्या’ या शब्दाची जागा आहे. वऱ्हाडाला तर याहून जवळचा एक दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे 13व्या शतकात होऊन गेलेले महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू लहान मुलांत मूल होऊन खेळत, लोकांना चक्रावून टाकणारे वागत. त्यांच्या शिष्यपरिवाराने त्या वागण्याच्या आठवणी जपल्या त्या ‘लीळा’ या नावाने. जगाने वेड म्हटलेल्या वागण्याला आपल्याच मातीतल्या माणसांनी इतका सुंदर शब्द दिला, याचा मला फार आदर वाटतो.

शेजारचे शब्द

‘खोडकर’च्या आसपास मराठीत शब्दांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतला प्रत्येक शब्द निराळ्या कामाचा आहे. ते एकमेकांच्या जागी बेधडक घातले की लेखन ढिसाळ होते.

‘अवखळ’ या शब्दात दोष अजिबात नाही. नुकते सोडलेले वासरू अवखळ असते, पहिल्या मोठ्या पावसानंतर वाहणारा नाला अवखळ असतो, आणि एका जागी पाय न ठरणारे मूल अवखळ असते. हेतू नसतो, फक्त जोर असतो. ‘खट्याळ’मध्ये मात्र हेतू आहे: खट्याळ मुलाला आपण काय करतो आहोत हे पुरेपूर माहीत असते आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसते. म्हणूनच नजर खट्याळ असते, हसू खट्याळ असते. ‘खोडकर हसू’ म्हणण्यापेक्षा ‘खट्याळ हसू’ अधिक नेमके आहे, कारण खोडी हाताने होते आणि खट्याळपणा चेहऱ्यावर उमटतो. हाच भाव वयस्कर माणसात असला तर ‘मिश्कील’ म्हणावे.

‘वात्रट’ हा शब्द जिभेचा आहे. वात्रट मूल मोठ्यांना उलट उत्तर देते, नको तिथे विनोद करते, शिक्षकांची नक्कल करते. मराठी कवितेत ‘वात्रटिका’ नावाचा प्रकारच रूढ आहे, आणि त्यातून या शब्दाला काहीशी प्रतिष्ठा मिळाली आहे. तरीही मुलाला समोरासमोर वात्रट म्हणणे हे खोडकर म्हणण्यापेक्षा कडक आहे, याचे भान ठेवावे. ‘चावट’च्या बाबतीत याहून जास्त जपावे. काही घरांत तो लहानांना लाडाने म्हणतात, पण आजच्या वापरात त्याला अश्लीलतेची छटा आली आहे, म्हणून शाळेच्या कागदावर तो कधीही येऊ नये.

‘व्रात्य’ हा पुस्तकी मराठीतला शब्द आहे आणि त्याचा प्रवास लांबचा आहे. अथर्ववेदाच्या 15व्या कांडात व्रात्याची स्तुती आहे. पुढे धर्मशास्त्रात ठरलेल्या वयात उपनयन न झालेल्यास व्रात्य म्हटले गेले. आणि मराठीत येईपर्यंत तो शब्द दंगेखोर मुलाला लागला. विदर्भातल्या खेड्यांत हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही, म्हणून पालकांना उद्देशून लिहिताना तो न वापरलेला बरा; तो अनेकांना शिवीसारखा वाटतो. ‘द्वाड’ हा आज्ज्यांचा शब्द आहे, रागाच्या भरात येतो आणि लगेच विरतो. ‘उपद्व्यापी’ मात्र एका विशिष्ट मुलासाठी राखून ठेवावा: जे मूल रेडिओ उघडून बसते, सायकलची साखळी काढून ठेवते, मोटारपंपाच्या पेटीला हात लावू पाहते. ते कोणाची खोडी काढत नाही, त्याला फक्त आत काय आहे हे पाहायचे असते.

‘मस्ती’ हा शब्द आज खेड्यापाड्यांत ‘खोडी’पेक्षा अधिक चालतो. ‘मस्ती करतो’ हे साधे आहे. पण ‘मस्ती आली का?’ हा प्रश्न धमकीचा आहे आणि ‘मस्ती जिरवतो’ हे तर उघड भांडणाचे आमंत्रण आहे. एकाच शब्दाची ही दोन तोंडे असल्यामुळे लेखी मजकुरात ‘मस्ती’पेक्षा ‘दंगा’ किंवा ‘खोड्या’ हे शब्द बरे.

आता खास आपल्याकडचे शब्द. वऱ्हाडात मूल हे ‘पोट्टं’, आणि त्याच्या खोडकरपणाला सर्वांत जास्त लागणारे विशेषण ‘आगाव’. प्रमाण मराठीतला ‘आगाऊ’ म्हणजे पुढे पुढे करणारा, न विचारता बोलणारा. ‘आगाऊ रक्कम’ मधलाही शब्द तोच. वऱ्हाडी ‘आगाव’चा पसारा याहून मोठा आहे. ‘लय आगाव पोट्टं हाय’ हे वाक्य कौतुकाने, तक्रारीने आणि संतापाने अशा तिन्ही सुरांत म्हणता येते, आणि कोणता सूर आहे हे शब्दावरून नव्हे, बोलणाऱ्याच्या तोंडावरून कळते. लिहिताना तोंड दिसत नाही. म्हणून संवाद लिहिणाऱ्याने ‘आगाव’ वापरल्यास त्या माणसाने पुढे काय केले, हसला की काठी शोधायला गेला, हे लिहावे. ‘चाबरा’ म्हणजे तोंडाळ, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारा. हा शब्द लिंगाप्रमाणे बदलतो, चाबरा, चाबरी, चाबरं. ‘इपितर’ म्हणजे पुढच्या क्षणी काय करील याचा नेम नसलेला, आणि ‘बैताड’ म्हणजे आगापिछा न पाहता वागणारा. ‘बैताड’मध्ये वेडेपणाची छटा आहे, म्हणून तो सवंगड्यांनी एकमेकांना म्हणावा, शिक्षकाने विद्यार्थ्याला म्हणू नये. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीच्या भागात आणि नागपूरच्या आसपास हिंदीच्या शेजारामुळे ‘नटखट’, ‘बदमाश’ हेही शब्द रुळले आहेत, आणि ‘बदमाश कुठला’ असे म्हणत आई लेकराचा पापा घेते, तेव्हा त्यात बदमाशी काहीच नसते.

शाळेच्या नोंदीत आणि पालकांशी बोलताना

या भागावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण इथे लिहिलेला शब्द मुलाबरोबर पुढच्या वर्गात जातो. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि त्याबरोबर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकांनी लिहायच्या असे ठरले. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. चारचौघांत पुन्हापुन्हा हिणवणे हाही मानसिक त्रासच आहे, मग त्यासाठी वापरलेला शब्द कितीही साधा असो.

‘खोडकर आहे. अभ्यासात लक्ष नाही.’ अशी नोंद अनेक प्रगतिपत्रकांत आढळते. या नोंदीतून पुढच्या वर्गशिक्षकाला काहीही उपयोगाचे कळत नाही. कळते ते इतकेच, की या मुलाकडे पहिल्या दिवसापासून संशयाने पाहायचे आहे. त्याऐवजी कृती लिहावी, ती केव्हा होते ते लिहावे, आणि ती केव्हा होत नाही तेही लिहावे. उदाहरणार्थ: ‘मधल्या सुट्टीनंतर जागेवर बसण्यास वेळ लावतो. शेजारच्या मुलाची पेन्सिल लपवतो, परंतु मागितल्यावर लगेच परत देतो. कोडी आणि चित्रे यांत रमतो. त्या वेळी इतरांना व्यत्यय आणत नाही.’ या चार वाक्यांत ‘खोडकर’ हा शब्द एकदाही नाही, आणि तरी मूल डोळ्यांसमोर उभे राहते. शेवटच्या वाक्यामुळे पुढच्या शिक्षकाला मार्गही मिळतो.

याउलट पालकांशी तोंडी बोलताना मात्र ‘खोडकर’ हा शब्द अवश्य वापरावा, कारण तिथे तो भीती घालवतो. शेतातून थेट शाळेत आलेला बाप दाराशीच उभा राहून विचारतो, ‘गुरुजी, लय तरास देते का हो पोट्टं?’ त्या प्रश्नात मुलाला शाळेतून काढून टाकतील की काय अशी धास्ती असते. ‘खोडकर आहे, पण मनाचा चांगला आहे, कोणाचं वाईट करत नाही,’ एवढे उत्तर मिळाले तर त्या दिवशी घरी मार बसत नाही. ‘ऐकतच नाही’ असे म्हटले तर बहुतेक वेळा बसतो. शब्दाची निवड इतकी महत्त्वाची असते.

आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. मुलाच्या देखत पाहुण्यांना ‘हा आमचा खोडकर’ अशी ओळख करून देऊ नये. ऐकणारे मूल ती भूमिका धरून बसते, आणि शांत बसण्याचा त्याचा हक्कच आपण काढून घेतो. दुसरे असे, की एखाद्या मुलाचे वागणे अचानक बदलले, किंवा सांगितलेले त्याला कळतच नाही असे वाटू लागले, तर ‘खोडकर’ म्हणून थांबू नये. ऐकू कमी येणे, फळ्यावरचे न दिसणे, हेही अस्वस्थपणाच्या रूपात बाहेर पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, त्या वेळी अशा मुलाकडे शिक्षकांनी मुद्दाम लक्ष वेधावे.

मुलगा आणि मुलगी यांच्या बाबतीत हा शब्द आपण सारखा वापरत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. बोराच्या झाडावर चढून बोरे पाडणारा मुलगा खोडकर ठरतो. तेच करणारी मुलगी आगाव ठरते, आणि तिला सासरची भीती घातली जाते. व्याकरणाने ‘खोडकर’ हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही: खोडकर मुलगा, खोडकर मुलगी, खोडकर वासरू. जी समता व्याकरणाने दिली आहे ती आपण वापरात ठेवावी, असा माझा आग्रह आहे. मुलीच्या नोंदीत ‘आगाऊ’ लिहिण्यापूर्वी हेच एखाद्या मुलाने केले असते तर मी काय लिहिले असते, हे प्रत्येक शिक्षकाने मनात तपासून पाहावे.

जिथे हा शब्द वापरूच नये

‘खोडकर’ आणि ‘खोडसाळ’ हे शब्द एकाच घराण्यातले असले तरी त्यांच्यात मोठे अंतर आहे. खोडसाळ म्हणजे कुहेतूने केलेले. खोटी बातमी पसरवणे, एखाद्याच्या नावाने बनावट पत्र लिहिणे, सणाच्या तोंडावर गावात भांडण लागेल असा मजकूर मोबाइलवर फिरवणे, हे खोडसाळपणाचे आहे. अशा माणसाला ‘जरा खोडकर आहे’ म्हणणे म्हणजे त्याच्या कृत्याला घरातल्या लेकराची सूट देणे होय.

मुलींच्या बाबतीत तर याहून कडक राहावे. विदर्भातल्या कित्येक गावांतल्या मुली शिक्षणासाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या बसने तालुक्याला जातात. बसथांब्यावर त्यांची वाट अडवणारी, मागून बोलणारी, फोटो काढणारी पोरे ही टवाळखोर आहेत, आणि त्यांचे कृत्य म्हणजे छेड काढणे आहे. ‘वय आहे, थोडी खोडी करणारच’ हे वाक्य बैठकीत कोणी म्हटले तर ते तिथेच थांबवावे. तक्रार लिहून देताना विशेषणे टाळून काय घडले, कोठे घडले, कोणत्या वेळी घडले, कोणते शब्द उच्चारले गेले, हे जसेच्या तसे लिहावे. वसतिगृहातील छळासंबंधीही हेच लागू आहे: महाराष्ट्रात 1999पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि कायद्यात ज्याला गुन्हा म्हटले आहे त्याला गंमत, मस्करी किंवा खोडी हे नाव देता येत नाही.

लेखनातील बारकावे

कोणाला हाक मारताना ‘अरे खोडकर’ असे मराठीत म्हणत नाहीत. ‘खोडकर कुठला!’, ‘खोडकर कुठची!’ असे म्हणतात, किंवा ‘लबाडा’ अशी हाक घालतात. ‘कुठला’ या शब्दाने रागाची धार जाते आणि लाड उरतो. नाम करायचे असल्यास ‘खोडकरपणा’ लिहावे, ‘खोडकरी’ लिहू नये. ‘खोडकर आणि मस्तीखोर’ अशी जोडी टाळावी. एकच गोष्ट दोनदा सांगितल्याने ती गडद होत नाही. शुद्धलेखनात ‘मिश्कील’मधली ‘की’ दीर्घ आहे, ‘आगाऊ’ला शेवटी दीर्घ ‘ऊ’ आहे, ‘खट्याळ’मध्ये ‘ट’ आणि ‘या’ जोडून लिहितात. वऱ्हाडी संवादांत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया आणि पोळ्याचा पोया. परंतु एका पात्राच्या तोंडी ही बोली दिली, तर तिच्यात सातत्य ठेवावे आणि निवेदन प्रमाण भाषेत असल्यास तिथे ती मिसळू नये. बोलीतील पात्र म्हणजे हसे करण्याचे पात्र, अशी जी वाईट रीत पडली आहे, तिला खोडकर मुलाच्या संवादात तरी थारा देऊ नये.

मोठ्या माणसांविषयी लिहिताना

आपल्या सणांनी मोठ्यांनाही खोडीची मुभा दिली आहे, आणि त्या दिवसांचे वर्णन करताना योग्य शब्द निवडणे हे आनंदाचे काम आहे. श्रावण अमावास्येला पोळा भरतो, तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या राहतात, आणि शेतकरी एकामागून एक झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी पारंपरिक कवने, म्हणतात. सावकार, पुढारी, सरपंच, कापसाचा भाव, कोणालाही सोडत नाहीत, आणि प्रत्येक झडतीचा शेवट ‘हर बोला हर हर महादेव’च्या गजरात होतो. या झडत्यांना वात्रट म्हणावे. खोडसाळ म्हणू नये, कारण ज्याच्यावर झडती आहे तो समोर उभा असतो आणि गजरात त्याचाही आवाज असतो. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे सणाची खाऊ-पैशांची भेट, मागणारी मुले दोनदा त्याच घरी येतात, ती खोडकर. भुलाबाईच्या, म्हणजे मुलींच्या सणातल्या, गाण्यांनंतर झाकलेला डबा हलवून खाऊ ओळखायला लावणारी आणि मुद्दाम खोटी खूण सांगणारी मुलगी, ती खट्याळ.

वृद्ध माणसाच्या गौरवलेखात किंवा श्रद्धांजलीत ‘ते फार खोडकर होते’ असे लिहिल्यास ते हलके वाटू शकते, विशेषतः ज्यांनी त्यांना जवळून पाहिले नाही त्यांना. तिथे ‘मिश्कील स्वभावाचे’ असे लिहून त्यांची एखादी प्रत्यक्ष खोडी सांगावी: भजनाला आलेल्या मित्राची चप्पल ते दर एकादशीला लपवीत, आणि तो शोधून थकला की स्वतःची त्याच्या पायापुढे ठेवीत. बालपणाविषयी लिहिताना मात्र ‘लहानपणी खोडकर होते’ असे निःसंकोच लिहावे, आणि घरातल्या जुन्या माणसाकडून ती खोडी नेमकी कोणती होती, हे विचारून घेऊन मगच लेख छापायला द्यावा.